प्रेमकथेतला बाप

आमच्या डोंबिवलीतल्या वसाहतीच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षे चालत आलेले खासगी वाचनालय यंदा आषाढात बंद झाले. मालकांचे वय झाले, मुलगा बंगळूरूला नोकरीत रमला आणि मासिक वर्गणी भरून पुस्तक घरी नेणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, ही कारणे नेहमीचीच. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पुस्तके रद्दीच्या भावाने काढली. मी पोचलो तेव्हा चरित्रे, प्रवासवर्णने, विनोदी पुस्तके, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हे सारे जाणकारांनी आधीच उचलून नेले होते. मागच्या भिंतीशी एकच मांडणी भरलेली दिसत होती, ती प्रेमकथांची. मालक म्हणाले, ‘‘इतकी वर्षे हीच मांडणी माझे घर चालवत होती, आणि आज हिलाच गिऱ्हाईक नाही. तुम्ही न्या, साहेब. वजन करत नाही.’’

दोन पिशव्या भरून मी घरी आलो. पिशव्यांतले वाण पाहून सौभाग्यवतींनी केवळ एकदा माझ्याकडे आणि एकदा पुस्तकांकडे पाहिले. पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यभर राजकीय स्तंभ लिहिणाऱ्या माणसाने भर पावसाळ्यात प्रेमकथा वाचत बसावे, यावर भाष्य करण्याची तिला गरज वाटली नसावी.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. प्रेमकथा या प्रकाराविषयी माझ्या मनात कधीच आदर नव्हता. आमच्या पिढीतल्या, शाखेच्या संस्कारात वाढलेल्या तरुणांना सावरकरांची आत्मकथा, शिवचरित्र, फार तर गोनीदांची दुर्गभ्रमणे हे वाचन शोभणारे वाटे. प्रेमाच्या गोष्टी म्हणजे रिकामपणचा उद्योग आणि तोही बायकांचा, असा एक उर्मट समज होता. आमच्या घरी त्या उद्योगाच्या प्रतिनिधी होत्या माझ्या थोरल्या वहिनी. दुपारी ओटा आवरला की तांदळाच्या डब्यामागून वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली कादंबरी निघे आणि चहाची वेळ होईपर्यंत वहिनी या जगात नसत. एका गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना मी ती कादंबरी शोधून काढली आणि नायक-नायिकेच्या भेटीचे एक पान नाटकी आवाजात सर्वांसमोर वाचून दाखवले. सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी वाचनालयाची वर्गणी बंद केल्याचे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावरही त्यात माझा काही हात असेल असे त्या वयात वाटले नाही.

यंदा त्या पिशव्या उपसताना तो प्रसंग पुनःपुन्हा आठवत राहिला.

पहिले पुस्तक हाती आले ते शरच्चंद्रांचे ‘देवदास’. मूळ बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. मामा वरेरकर आणि त्यांच्यानंतरच्या अनुवादकांमुळे शरदबाबू मराठी घरांत इतके रुळले की ते बंगाली आहेत याचा विसर पडावा. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात मी ही कादंबरी एका रात्रीत वाचली होती (आदर नसला तरी चोरून वाचण्याला आडकाठी नव्हती) आणि देवदाससाठी डोळे पुसले होते. या वेळी डोळे कोरडे राहिले; उलट राग आला. रात्रीच्या वेळी, लौकिकाची पर्वा न करता, ती मुलगी त्याच्या खोलीत येते आणि सरळ विचारते. हा काय करतो? वडिलांना विचारून पाहतो, वडिलांनी डोळे वटारताच कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पत्र लिहून हात झटकतो. मग पश्चात्ताप होऊन परततो तेव्हा तिचे लग्न ठरलेले असते, आणि त्याचा पुरुषार्थ उरतो तो मासे धरण्याच्या छडीने तिच्या कपाळावर वार करण्यापुरता. पुढचे सारे मद्यपान म्हणजे त्या एका भित्रेपणाचे व्याज. एकोणिसाव्या वर्षी मला हा माणूस शोकनायक वाटला होता, याची आता लाज वाटते.

आणि पारो? हातीपोत्याच्या त्या विधुर जमीनदाराच्या घरात तिच्या वयाची, तिच्याहून थोर अशी सावत्र मुले आहेत. रुसून बसलेल्या सावत्र मुलीला ती अंगावरचे दागिने उतरवून देते, तिला आपलेसे करते, दानधर्म पाहते, घर सांभाळते. सिनेमावाल्यांनी १९२८ पासून या कथेवर किती चित्रपट काढले, पण त्यांचा कॅमेरा बाटलीवरून हलायला तयार नाही. मूळ कादंबरी वाचताना मला तर वाटत राहिले की खरे चरित्र पार्वतीचे आहे.

परंतु या वाचनात मी जिथे अडखळलो ती जागा निराळीच होती. पारोची आजी देवदासच्या आईकडे विषय काढते. समोरून नकार येतो, कारण घराणे कमी, मुलीच्या बदल्यात पैसे घेण्याची त्यांच्यात रीत, आणि शिवाय शेजार. हे पारोच्या वडिलांच्या कानी जाते. नीळकंठ चक्रवर्ती हा वाईट माणूस नाही. मुलीवर त्याची माया आहे. पण त्याचा मानभंग झाला आहे. माझ्या मुलीला काय स्थळांची वाण आहे, असे म्हणून तो उठतो आणि थोड्याच दिवसांत वर्धमानकडचे श्रीमंत स्थळ ठरवून येतो. मुलीला विचारण्याचे त्याच्या डोक्यातही येत नाही, कारण प्रश्न मुलीचा राहिलेलाच नसतो, तो त्याच्या अपमानाचा झालेला असतो. एकोणिसाव्या वर्षी ही दोन-तीन पाने मी वाचली होती की नाही, शंकाच आहे. या वेळी मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्याचे कारण पुढे सांगतो.

पिशवीत ना. सी. फडके पुष्कळ होते. एके काळी फडक्यांचे नाव घेतले की कॉलेज, टेनिस, मोटारगाडी आणि गिरिस्थानावरची संध्याकाळ असा सगळा थाट डोळ्यांपुढे येई. कलेसाठी कला की जीवनासाठी, असा फडके-खांडेकर वाद मराठीत वर्षानुवर्षे गाजला आणि आमच्यासारख्यांनी खांडेकरांची बाजू घेतली हे ओघानेच आले. आज वाचताना फडक्यांची भाषा अजून ताजी लागते हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तंत्र असे की पान उलटल्याशिवाय राहवत नाही. पण मी वाचलेल्या पुस्तकांत तरी संकटे गैरसमजाची असतात आणि गैरसमज फिटला की ती संपतात. कोणालाच फारसे काही गमवावे लागत नाही. पंचविशीत हे गोड वाटत असेल, पन्नाशीनंतर जिलबीसारखे दोन कड्यांनंतर पुरे होते.

चंद्रकांत काकोडकरांविषयी दोनच वाक्ये. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, समाजाची मानके झपाट्याने बदलत आहेत आणि प्रेम व शृंगार असलेले अभिजात वाङ्मय तरुणांना उपलब्ध आहेच, असे न्यायालयाचे म्हणणे होते. काकोडकरांच्या त्या काळी चोरून वाचल्या गेलेल्या दोन कादंबऱ्या मी आज उघड्यावर वाचल्या आणि त्यांत चोरण्यासारखे काय होते, हे काही उमगले नाही.

याच पिशवीच्या तळाशी विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ निघाले. या पुस्तकाला प्रेमकथांच्या मांडणीत ठेवणाऱ्या वाचनालय-मालकांना मी मनोमन नमस्कार केला, कारण समीक्षकांनी तिला इतक्या मोठमोठ्या विशेषणांच्या मखरात बसवले आहे की ती मुळात एक प्रेमकथा आहे हेच लोक विसरतात. १९३९ साली, महायुद्ध दाराशी आलेले असताना, ही कादंबरी आली. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट. तीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलून दिलेले ज्यू, जे पुढे चीनकडे चालले आहेत. त्यांतली एक हॅर्टा. आणि परदेशातून घरी परतणारा आपला मराठी चक्रधर विध्वंस. एकदा प्रेमात पोळलेला, म्हणून पुन्हा गुंतायचे नाही असे ठरवलेला. ती मात्र काहीच हातचे न राखता त्याच्यावर जीव टाकते. इथे पत्रिका जुळत नाही, हुंडा कमी पडला, सासू खाष्ट आहे, असले एकही कारण नाही. समुद्र आहे, थोडे दिवस आहेत आणि दोन माणसे आहेत. मुंबई येते, चक्रधर उतरतो, बोट हॅर्टाला घेऊन पुढे जाते. मग तिची पत्रे, आणि मग तिच्या मृत्यूची बातमी.

चक्रधर दुष्ट नाही. बुद्धिमान आहे, संवेदनशील आहे, स्वतःला पुरेपूर ओळखणारा आहे, आणि तरीही तो मुंबईला उतरतो. मी पुस्तक संपवले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर पाऊस होता. मनात एकच विचार आला आणि तो साहित्यिक मुळीच नव्हता. उद्या असा एखादा चक्रधर माझ्या दाराशी उभा राहिला तर मी त्याला ओळखेन का? आम्ही स्थळ पाहताना पगार विचारतो, घर स्वतःचे की भाड्याचे हे विचारतो, गोत्र विचारतो. हा माणूस मुंबईला उतरून जाणाऱ्यांपैकी आहे का, हे कोणत्या रकान्यात लिहिलेले असते?

आता ते कारण. आमची कन्या अठ्ठावीस वर्षांची, अभियंता, पुण्यात नोकरीला. गेली दोन-अडीच वर्षे तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. तिची आई श्रद्धाळू. लग्न जुळत नसले की मुलीने ‘रुक्मिणी स्वयंवर’ वाचावे, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. तिनेही मुलीला ती पोथी पाठवली, अर्थासहित, आणि रोज एक याप्रमाणे अठरा दिवसांत अठरा प्रसंग वाचून काढ असे बजावले. कन्येने आज्ञाधारकपणे वाचले. एकोणिसाव्या दिवशी तिचा दूरध्वनी आला.

‘‘बाबा, आईने मला ही पोथी दिली, तिने स्वतः वाचली आहे का?’’

‘‘वाचली असेल की. का गं?’’

‘‘यात रुक्मिणी घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडायला स्वतः पत्र लिहिते, आणि देवीच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडून रथात बसून निघून जाते.’’

मी हसलो. ती हसली नाही. ‘‘मला तुमच्याशी बोलायचे आहे,’’ असे म्हणाली, आणि मग बोलली. तिच्या कार्यालयातला सहकारी. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमच्या जातीचा नाही. आजोबांचा बलुतेदारीचा व्यवसाय, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक.

हे सर्व मी तिच्या आईला सांगितले तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया वाचकांना सांगण्यासारखी आहे. ती म्हणाली, ‘‘पोथी वाचायची असते, त्यातले करायचे नसते.’’

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. नाथांनी हे आख्यान १५७१ साली काशीत पूर्ण केले. साडेचारशे वर्षे मराठी घरांतल्या उपवर मुली ते वाचत आल्या आहेत. सुदेव ब्राह्मणाच्या हाती गुप्त पत्र देणारी, ज्याला पाहिलेही नाही त्याला गुणश्रवणावरून वरणारी, भावाने ठरवलेल्या शिशुपालाला नाकारणारी विदर्भकन्या आपण देव्हाऱ्यात ठेवली. चातुर्मासात तिची कथा ऐकली, तिच्या लग्नाची अक्षत घेतली. आणि या सगळ्यात ती एक प्रेमकथा आहे, हे आपल्या लक्षात येऊ नये अशी व्यवस्थाही केली. प्रेमकथा पाश्चात्त्यांकडून आल्या, इंग्रजी अमदानीत आल्या, असे मीही कधी काळी लिहून चुकलो आहे. याच महाराष्ट्राच्या मातीत, महाराष्ट्री प्राकृतात, सातवाहनांच्या नावावर जमा झालेली ‘गाथासप्तशती’ मी तेव्हा उघडूनही पाहिली नव्हती. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची साक्षेपी मराठी आवृत्ती सिद्ध केली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना गोदाकाठच्या शेतमळ्यांतले प्रेम किती जुने आणि किती घरगुती आहे, हे ठाऊक असेल.

त्या दूरध्वनीनंतर मी प्रेमकथा निराळ्याच डोळ्यांनी वाचू लागलो. नायकाकडे माझे लक्षच जाईना. मी बाप शोधू लागलो.

बाप शोधायला लागले की एक गंमत ध्यानात येते. बहुतेक प्रेमकथाकारांना बापाचे काय करावे हेच कळत नाही. कन्येने मला तिच्या कपाटातल्या तीन इंग्रजी प्रेमकथा दिल्या होत्या. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या त्या प्रसिद्ध ‘मिल्स अँड बून’च्या. तिन्ही पुस्तकांत नायक गडगंज श्रीमंत आणि तिन्ही नायिकांचे वडील कथा सुरू होण्यापूर्वीच वारलेले! लेखिकांची सोय झाली, पण मला काही उपयोग झाला नाही. आपल्याकडच्या कादंबऱ्यांत बाप हयात असतो, पण तो एक तर दिवाणखान्यात येरझारा घालणारा जमदग्नी, नाही तर शेवटच्या प्रकरणात एकाएकी पाघळणारा. खरे बाप मला सापडले ते जुन्यांतच.

त्यांतला पहिला कण्व. शाकुंतलाचा चौथा अंक सर्वांत सुंदर, हे आम्ही संस्कृतच्या वर्गात घोकले होते. कण्व सोमतीर्थाला गेले असताना आश्रमात शकुंतलेचा गांधर्वविवाह होऊन जातो. परत आलेल्या ऋषीला अशरीरिणी वाणीकडून ते समजते. रागावणे नाही, लोक काय म्हणतील हे नाही. मुलगी योग्य ठिकाणी गेली, याचा संतोष. आणि मग ती जाणार म्हणून आरण्यक तपस्व्याचाही कंठ दाटून येतो. कालिदासाचा हा बाप इतका मोठा आहे की त्याच्यापुढे उभे राहताना संकोच होतो. पण दुसऱ्या दिवशी माझ्यातल्या पत्रकाराने एक शंका काढली. कण्वांनी चौकशी काहीच केली नाही. राजा परत का फिरकला नाही, निरोप का नाही, हे न विचारता दोन शिष्यांबरोबर गर्भवती मुलीला राजधानीकडे धाडले, आणि तिथे भर दरबारात तिच्यावर काय प्रसंग ओढवला, हे आपण जाणतोच. शाप दुर्वासांचा खरा, पण त्या दरबारात ती उभी असताना बाप बरोबर नव्हता.

दुसरा भीष्मक, रुक्मिणीचा पिता, कुंडिनपूरचा राजा. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपुराला जाणाऱ्या भाविकांना रुक्मिणी आठवते, तिचा बाप आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण या माणसाला कृष्ण पसंत आहे. त्याच्या मनात कसलाही किंतु नाही. पण थोरला मुलगा रुक्मी आकांडतांडव करतो आणि पुत्रस्नेहाने बांधलेला राजा गप्प बसतो. शिशुपालाच्या स्वागताच्या कमानी उभ्या राहतात, मुलीच्या डोळ्यांतले पाणी तो पाहतो, आणि गप्पच राहतो. पोथी पुन्हा वाचताना मला सर्वांत ओळखीचा वाटला तो हा भीष्मक. कन्येच्या दूरध्वनीला तेव्हा तीन आठवडे झाले होते. मनातून मला नकार द्यायचा नव्हता, पण होकारही तोंडातून निघत नव्हता. नातेवाइकांचे दोन दूरध्वनी आले होते. एकाने धाकट्या भावंडांच्या लग्नांची आठवण करून दिली. दुसऱ्याने, जो स्वतः सामाजिक समरसतेच्या कार्यक्रमांत अग्रभागी असतो, ‘‘तत्त्व म्हणून ठीक आहे, पण आपल्याच घरात कशाला?’’ असे विचारले.

मला त्याचा राग आला नाही, कारण तेच वाक्य माझ्याही मनात कुठेतरी पडून होते. आपण सगळेच यातले आहोत. स्वातंत्र्यवीरांनी ज्या सात स्वदेशी बेड्या तोडायला सांगितल्या त्यांत बेटीबंदीही होती, हे आपल्या बौद्धिकांतून शेकडो वेळा सांगितले गेले आहे. बाळासाहेब देवरसांचे १९७४ सालचे पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेतले भाषण पुस्तिकेच्या रूपात मी स्वतः घरोघर वाटले आहे. आंतरजातीय हिंदू विवाहांना देशभर निःसंशय मान्यता देणारा कायदा १९४९ सालीच झाला. आणि आजही आपल्या परिचयातल्या वधू-वर मेळाव्यांच्या नोंदवह्या उघडल्या तर जातीचा आणि पोटजातीचा रकाना पहिल्या पानावर असतो. सहभोजनाला बसलेला माणूस घरी येऊन पत्रिका कोणत्या शाखेची हे पाहतो. मी वेगळा नाही, हे मला एका प्रेमकथेतल्या दुर्बळ राजाने दाखवले, कोणत्याही बौद्धिकाने नाही.

तिसरा बाप अश्वपती. सावित्रीची कथा आपण वटपौर्णिमेच्या दोऱ्यात इतकी गुंडाळून टाकली आहे की वनपर्वात ती कशी येते हे कोणी पाहत नाही. मद्रदेशाचा राजा उपवर कन्येला सांगतो, की तुला मागणी घालायला कोणी येत नाही, तेव्हा तूच रथ घेऊन जा आणि अनुरूप वर शोध. ती राज्य गमावलेल्या, अंध पित्यासह अरण्यात राहणाऱ्या सत्यवानाची निवड करून परतते. नारद सांगतात, मुलगा सर्वगुणसंपन्न, पण वर्षाच्या आत मरणार. इथे अश्वपती कण्वासारखा वागत नाही आणि भीष्मकासारखाही वागत नाही. तो स्पष्ट सांगतो, मुली, दुसरा वर शोध. सावित्री नम्रपणे पण ठामपणे नकार देते. एकदा मनाने वरले ते वरले. त्यावर राजा पुन्हा वाद घालत नाही, रुसत नाही, लांबणीवर टाकत नाही. लग्नाची सामग्री घेऊन तो स्वतः अरण्यात जातो, आणि द्युमत्सेन ‘राजकन्या वनवासाचे कष्ट कसे सोसेल’ म्हणून मागे सरतो तेव्हा हाच त्याची समजूत घालतो. राजा असून, मुलीचा बाप म्हणून, पायरी उतरून.

इथे माझे मत कन्येच्या मताशी पूर्ण जुळत नाही, हेही नमूद करतो. तिच्या पिढीला वाटते की आईवडिलांनी प्रश्नच विचारू नयेत. मला ते मान्य नाही. नारदाने सांगितलेले ऐकून अश्वपतीने तोंड उघडले नसते तर तो बाप कसला? कर्ज किती, घरात कोण आजारी, व्यसन आहे का, उद्या परदेशाची नोकरी आली तर दोघांचे काय, हे सारे विचारण्याचा माझा अधिकार मी सोडणार नाही. पण ते एकदा आणि समोरासमोर विचारायचे. महिनोन्‌महिने ‘बघू’ म्हणत राहणे म्हणजे चौकशी करणे नव्हे, ते भीष्मकाचे गप्प बसणे. आजवर मी हेच करत होतो.

गेल्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा मी विचारले. सगळे विचारले. तिने उत्तरे दिली. बोलण्याच्या ओघात तिने सांगितले की, २०२१ च्या एप्रिलमध्ये ती करोनाने पुण्याच्या खोलीत एकटी पडली होती, तेव्हा चौदा दिवस दोन वेळचा डबा दाराबाहेर ठेवून जाणारा तो हाच. आम्हाला तेव्हा ‘ऑफिसातून डबा येतो’ एवढेच कळले होते, आणि त्या ऑफिसला मी भरभरून आशीर्वाद दिले होते. तिची आई हे ऐकून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला ‘रणांगण’ आठवले. तो मुंबईला उतरला नव्हता.

मग मी मिरजेला वहिनींना दूरध्वनी केला. दादा जाऊन आता सहा वर्षे झाली, वहिनी सत्तरीच्या पुढे आहेत. आधी मुलीचे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पोरीने सांगितले तरी तुम्हाला. आमच्या वेळी कुणाला सांगायचीही सोय नव्हती.’’ हे त्या कोणाविषयी बोलत होत्या, ते मी विचारले नाही. मग मी वाचनालयाच्या पिशव्यांचे सांगितले, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या गौरी-गणपतीची क्षमा मागितली.

‘‘आठवते ना,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पण तुम्ही चुकीचे पान वाचलेत. पुढचे पान वाचायला हवे होते. तिचे वडील स्टेशनवर येतात ते.’’

त्या कादंबरीचे नाव त्यांना आठवेना आणि मला तर ते तेव्हाही ठाऊक नव्हते. दोन्ही पिशव्या मी पुन्हा चाळल्या. त्यात ती नाही. निम्मी पुस्तके बांधून मिरजेला पाठवली आहेत, वहिनींनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला म्हणून कळवले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुलाच्या वडिलांनीही अजून होकार दिलेला नाही. आपली ऐपत, आपले गाव, शहरातल्या वरच्या जातीची सून, उद्या कोणी पाणउतारा केला तर काय, अशी त्यांची शंका आहे, आणि ती अनाठायी आहे असे म्हणायची माझी छाती नाही. भेटायला आधी कोणी कोणाकडे जायचे, यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. मुलीकडच्यांनी आपणहून जाऊन नकार पदरात घेऊ नये, असे एका वडीलधाऱ्याचे मत पडले. मला पारोची आजी आठवली, आणि तिच्या मागोमाग तो मानी नीळकंठ चक्रवर्तीही.

गुरुजींना मी काल पत्र टाकले आहे. रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघे निघतो आहोत. सौभाग्यवतींनी बरोबर न्यायला बेसनाचे लाडू केले आहेत.